कोणता जंतू, ते आधी सांगा

(महाबळेश्वर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरांचे डॉक्टर होते. भर पावसात जावळीच्या खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांवर चिखल तुडवत जाणारे डॉक्टर. तेव्हा विषयही गुरांचाच घेतला तर कोणाची हरकत असू नये. संयोजकांनी पत्रिकेवर ‘विषाणूंनी गुरांचे रोग बरे होतात?’ असे प्रश्नचिन्ह घालून छापले आहे. ते राहू द्या. माझ्याही मनात ते थोडेफार आहेच.

इथून सहाएक किलोमीटरवर, क्षेत्र महाबळेश्वरी, पंचगंगेच्या देवळात दगडी गोमुखातून पाणी पडते. कृष्णा तिथून निघते, वाईवरून खाली उतरते, माहुलीला वेण्णा आणि कऱ्हाडला कोयना पोटात घेते आणि भिलवडीवरून सांगलीला जाते. साताऱ्या-सांगलीचा दुधाचा पट्टा तो हाच. आज बोलायचे आहे ते या पाण्यातल्या एका अतिसूक्ष्म रहिवाशाबद्दल. बॅक्टेरिओफाज त्याचे नाव. आपण नुसते फाज म्हणू. तो विषाणू आहे, पण माणसाला किंवा म्हशीला त्याची बाधा होत नाही. तो फक्त जिवाणूंना लागतो आणि त्यांना मारतो.

नदीचे नाव काढले की एक गोष्ट हमखास सांगितली जाते, म्हणून तिचा निकाल आधी लावतो. १८९६ साली आग्र्याला सरकारी प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले की, गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात आणि तेच पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो. पुढे फाजचा शोध लागल्यावर लोक म्हणाले, हँकिननी पाहिले ते फाजच. आजच्या काही अभ्यासकांना तेवढी खात्री वाटत नाही. तरीही हा मजकूर आपल्याकडे मोबाइलवर सणासुदीला फिरत असतो आणि त्यातून नदीचे पावित्र्य सिद्ध झाल्याचा आनंद लोक घेतात. गंमत अशी की, फाज तिथेच असतो जिथे त्याचे भक्ष्य असते. गोमुखाच्या पाण्यात तो जेमतेम सापडेल, आणि सांगलीच्या शेरीनाल्यात हवा तेवढा. आम्हा सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना फाज शोधायचा असला की आम्ही गटार, गोठ्याची मोरी, शेणाची स्लरी असल्या ठिकाणी बाटल्या घेऊन जातो.

तो कसा शोधतात, ते सांगतो. गोठ्यातून आणलेले घाण पाणी आधी यंत्रात वेगाने फिरवून, मग अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळून घ्यायचे. त्या छिद्रांतून जिवाणू जात नाहीत, फाज जातो. आता समजा, आपल्याला वासरांच्या हगवणीचा ई. कोलाय मारायचा आहे. तो जिवाणू मऊ अगारात मिसळून काचेच्या बशीत ओतायचा आणि त्यातच या गाळलेल्या पाण्याचा थेंब घालायचा. बशी रात्रभर सदतीस अंशांवर ठेवायची. सकाळी बशीभर जिवाणूंचा दुधट थर पसरलेला असतो आणि फाज असेल तर त्या थरात मधे मधे स्वच्छ, पारदर्शक गोल डाग दिसतात. उसात हुमणी लागल्यावर फडात वाळलेली गोल ठिगळे दिसतात ना, तशीच. एका डागाच्या जागी आदल्या रात्री एकच फाज होता. तो एका जिवाणूच्या अंगावर बसला, आपले जनुकद्रव्य त्याने आत सोडले, अर्ध्या तासात जिवाणू फुटला आणि आतून शंभरेक नवे फाज बाहेर पडले. मग त्यांनी शेजारचे जिवाणू धरले. असे रात्रभर चालले.

बशीतले असे डाग नीट पाहून त्यांच्यामागे लागलेला माणूस म्हणजे फेलिक्स डेरेल. फ्रेडरिक ट्वॉर्ट या इंग्रजाने १९१५ मध्ये असेच काही नोंदवले होते, पण पुढे त्याने त्याचा पाठपुरावा केला नाही. डेरेल टोळांना रोग पाडणाऱ्या जंतूवर मेक्सिको आणि अर्जेंटिनात काम करत होता. टोळधाड मारण्यासाठी जंतू वापरता येतील का, हा त्याचा प्रश्न. त्या कामात त्याला बशीतले हे स्वच्छ डाग दिसले होते. १९१७ च्या सप्टेंबरात त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे हगवणीच्या जंतूंचा अदृश्य शत्रू म्हणून फाजवरचा निबंध मांडला. बॅक्टेरिओफाज हे नावही त्याचेच.

फाजचा इतिहास सांगणारे लोक साधारणपणे पॅरिसच्या इस्पितळात डेरेलने फाज दिलेल्या हगवणीच्या मुलापासून सुरुवात करतात. त्याच्याही आधी, १९१९ च्या वसंतात, डेरेल फ्रान्सच्या खेड्यांत गेला होता आणि तिथे कोंबड्यांना टायफॉईड लागला होता. बऱ्या झालेल्या कोंबड्यांच्या विष्ठेतून त्याने फाज काढला आणि आजारी कळपांना दिला. म्हणजे जगातल्या फाज-उपचाराचे पहिले रुग्ण कोंबड्या होत्या. पुढे तो इंडोचायनात गेला आणि तिथे त्याने पाणम्हशींच्या ‘बार्बोन’ रोगावर काम केले. हा बार्बोन म्हणजे आपला घटसर्प. पाऊस सुरू झाला की घशाला सूज येऊन, घरघर लागून चार-दोन दिवसांत जनावर जाते, तो. पशुवैद्यकात फाज मागच्या दाराने आला असे कोणी म्हणाले तर त्याला हा क्रम सांगा.

घटसर्पाबाबत मात्र माझे मत स्पष्ट आहे. त्यासाठी फाज शोधत बसण्याची आपल्याला गरज नाही. पुण्याला औंधच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेत त्याची लस तयार होते. मृगाच्या आधी टोचून घेतली की काम झाले. लस आहे तिथे लस. ती टोचायचा कंटाळा करणाऱ्या माणसाला फाजही वाचवणार नाही.

हिंदुस्थानशी डेरेलचा संबंध याहून जवळचा आहे. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने त्याला इथे बोलावले. प्लेगच्या कामासाठी परळची हाफकिन संस्था आणि पटकीच्या कामासाठी पंजाब. त्यानंतर आसामात मॉरिसन यांनी पटकीवर फाजचे मोठे प्रयोग केले. एका भागात फाज वाटायचा, दुसऱ्या भागात नाही, आणि मृत्यू मोजायचे, असा तो बेत. गुरांच्या रोगांच्या विद्येची परंपरा तर महाराष्ट्राला आहेच. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चे. आज इज्जतनगरला असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचे मूळ, इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, १८८९ मध्ये पुण्यात निघाले. संसर्गजन्य रोगांचे काम भर वस्तीत नको म्हणून १८९३ मध्ये ते कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला गेले.

मग फाज मागे का पडला? पेनिसिलिन आले म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. पेनिसिलिन येण्याआधीच त्याची पत गेली होती. १९३४ मध्ये ईटन आणि बेन-जोन्स या दोन अमेरिकनांनी तोवरचे सगळे प्रयोग चाळून परखड निष्कर्ष काढला की, बहुतेक दाव्यांना पुरावा अपुरा आहे. कारण उघड होते. बाजारात फाजच्या बाटल्या विकणाऱ्यांना आपला फाज नेमका कोणत्या जिवाणूवर चालतो याचे सोयरसुतक नव्हते. रोग्याच्या अंगातला जंतू एक आणि बाटलीतला फाज दुसऱ्याच जंतूचा, असे सर्रास चाले. कित्येक बाटल्यांत जिवाणूंच्या फुटलेल्या अंगांची घाण तशीच असे आणि तिनेच ताप येई. तिबिलिसीला मात्र जॉर्ज एलियावाने १९२३ मध्ये काढलेली संस्था टिकली. एलियावाला १९३७ मध्ये स्टालिनच्या राजवटीने गोळ्या घातल्या, तरी संस्थेत फाज बनत राहिला.

पाश्चात्त्य जगात फाजला पुन्हा पत मिळाली ती गुरांमुळेच. इंग्लंडच्या हॉटन कुक्कुट संशोधन केंद्रात विल्यम्स स्मिथ आणि हगिन्स यांनी १९८२ पासून जे निबंध लिहिले, ते माझ्या मते या विषयातले सर्वांत प्रामाणिक काम आहे. आधी त्यांनी उंदरांना ई. कोलायची बाधा केली. टेट्रासायक्लिन, अँपिसिलिन, क्लोरॅम्फेनिकॉल यांच्या अनेक मात्रांपेक्षा फाजचे एकच इंजेक्शन सरस ठरले. मग वासरे, डुकराची पिल्ले आणि कोकरे यांच्या हगवणीवर त्यांनी फाज तोंडाने दिला आणि तोही लागू पडला. त्यांनी फाज निवडला होता तो जिवाणूच्या ज्या आवरणामुळे रोग होतो त्या आवरणालाच चिकटणारा. त्यामुळे फाजला दाद न देणारे जिवाणू निपजले तरी आवरण गमावलेलेच निपजले आणि रोग करण्याची त्यांची ताकद कमी झाली. पुढे १९८७ मध्ये त्यांनी दाखवले की, वासराच्या पोटातल्या आम्लात फाज मरतो, म्हणून दुधात कॅल्शियम कार्बोनेट घालावे लागते, आणि वासराखालच्या गवतावर फाज फवारला तरी हगवण रोखता येते.

हे वाचून शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयातली एखादी हुशार विद्यार्थिनी उद्या कामाला लागली तर मला आनंदच होईल. पण वासरांच्या हगवणीवर बोलताना आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळालेल्या वासराला ही हगवण फार कमी लागते. आपल्याकडे वासरू उठून उभे राहते तोवर निम्मा चीक खरवसासाठी शेजारीपाजारी वाटून झालेला असतो. खरवस मलाही आवडतो. तो दुसऱ्या-तिसऱ्या धारेचा करा.

आता कासेकडे येतो, कारण कृष्णाकाठच्या दुधवाल्याचे खरे दुखणे ते. कासदाह म्हणा, काससुजी म्हणा, आपल्याकडे सरळ ‘दगडी झाली’ म्हणतात. सड गरम, कास टणक, दुधात गाठी, कधी रक्त. वेळेत आटोक्यात आला नाही तर सड बाद होतो आणि तीन सडांची म्हैस बाजारात पडेल भावाने जाते. त्याहून जास्त नुकसान न दिसणाऱ्या दगडीचे असते. दूध पांढरेशुभ्र, जनावर चारा खातेय, फक्त लिटर-अर्धा लिटर कमी निघते आणि डेअरीत फॅट-डिग्री लागत नाही. मालक पेंड बदलतो, डेअरीशी भांडतो, सडाकडे बघत नाही.

ही सुप्त दगडी ओळखायची चाचणी इतकी सोपी आहे की, ती प्रत्येक गोठ्यात का नाही, याचे मला आश्चर्य वाटते. चार वाट्यांची प्लास्टिकची पट्टी असते. प्रत्येक सडाची पहिली चिळकांडी टाकून द्यायची, मग एका सडाचे दूध एका वाटीत, असे चारही सडांचे घ्यायचे. तेवढेच चाचणीचे द्रावण घालायचे आणि पट्टी गोल गोल हलवायची. चांगल्या सडाचे दूध पातळच राहते. बिघडलेल्या सडाचे दूध डोळ्यांदेखत घट्ट, ताराळ होते. द्रावण मिळाले नाही तर कपडे धुण्याच्या पावडरीचे तीन टक्के द्रावणही काम भागवते. कासेत दाह असला की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात. साबणाने त्या फुटतात आणि त्यांच्यातल्या डीएनएमुळे दूध तसे होते.

पण ही चाचणी फक्त दाह आहे एवढेच सांगते. तो कोणत्या जंतूचा, हे दूध प्रयोगशाळेत लावल्याशिवाय कळत नाही. स्टॅफिलोकोकस ऑरियस असेल तर तो धार काढणाऱ्याच्या हातातून किंवा यंत्राच्या कपातून एका जनावराकडून दुसऱ्याकडे जातो. तेव्हा ते जनावर शेवटी पिळायचे, प्रत्येक वेळी हात धुवायचे, धार झाल्यावर सड औषधात बुडवायचे. ई. कोलाय असेल तर दोष शेणात बसलेल्या जनावराचा, ओल्या जमिनीचा. दोन्ही ठिकाणी दुखणे तेच दिसते, उपाय निराळा. आपल्या गोठ्यात काय होते? ‘डॉक्टर, एकच सड आहे, ट्यूब सोडा अन् मोकळे व्हा.’ डॉक्टर प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. दूध लावायला पाठवले तर अहवाल यायला दोन-तीन दिवस जातात, तोवर जनावर आणि मालक दोघेही बेजार, हे मी जाणतो. मी कोणाला दोष देत नाही. पण अशा अंदाजाने सोडलेल्या ट्यूबांनी काय झाले ते आपण पाहत आहोत. ठरलेले दिवस न थांबता ते दूध कॅनमध्ये जाते आणि मग दही लागत नाही म्हणून गिऱ्हाईक ओरडते. प्रतिजैविकांचा असाच वापर इतरत्रही होई. कोंबड्यांच्या खाद्यात वाढीसाठी घातले जायचे ते कोलिस्टिन माणसांच्या दवाखान्यातले शेवटच्या फळीचे औषध. त्याला निष्प्रभ करणारा, एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणारा जनुक चीनमधल्या डुकरांत सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनवर बंदी घातली. बरे केले.

मग कासेत फाज सोडला तर? हा प्रयोग झाला आहे, आणि त्याचा निकाल सांगितल्याशिवाय फाजची भलामण करणे अप्रामाणिकपणाचे होईल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सुप्त दगडी असलेल्या २४ दुभत्या होल्स्टीन गायींना स्टॅफिलोकोकसवरचा ‘फाज के’ किंवा नुसते मिठाचे पाणी, पाच दिवस रोज सडातून दिले. फाज दिलेल्या १८ सडांपैकी ३ बरे झाले. मिठाचे पाणी दिलेल्या २० पैकी एकही नाही. म्हणजे साडेसोळा-सतरा टक्के. याला यश म्हणायला माझी जीभ रेटत नाही. उलट निरोगी सडांत फाज सोडून पाहिला तेव्हा दुधातल्या पांढऱ्या पेशी वाढल्याच. कारणही सापडले. दुधाच्या निवळीतली प्रथिने जिवाणूच्या अंगाला चिकटतात आणि फाजला तिथे बसायला जागाच राहत नाही. बशीत जो फाज वाघ होता तो दुधात मांजर झाला. वर हा जिवाणू कासेच्या पेशींच्या आत दडून बसतो.

इथे दुधाच्या धंद्यातला एक विरोधाभास सांगायला हवा. डेअरीचे लोक फाजला चांगले ओळखतात, पण शत्रू म्हणून. दही, चक्का, चीज यांसाठी विरजणाचे निवडक जिवाणू वापरतात. त्यांना फाज लागला की अख्खी टाकी आंबत नाही. न्यूझीलंडच्या व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ मध्ये चीजच्या कारखान्यातला हा फाज उजेडात आणला. तेव्हापासून मोठे कारखाने विरजण आलटून पालटून वापरतात आणि फाजवर नजर ठेवतात. ज्या दूध संघाच्या प्रयोगशाळेला विरजणाचा फाज ओळखता येतो तिला दगडीचा फाज शोधता येणार नाही, असे मला कोणी सांगू नये. भिलवडीपासून कऱ्हाडपर्यंत या पट्ट्यात दूध तपासणारी माणसे आणि यंत्रे आहेत. नाही ती त्यांना हे काम सांगणारी मागणी.

दगडीवर फाज हरला म्हणून तो सगळीकडेच हरला असे नाही. जिथे दूध आडवे येत नाही तिथे त्याला वाव आहे. वासरांच्या आतड्यात, कोंबड्यांच्या आतड्यात, गोठ्याच्या जमिनीवर, आटवलेल्या कासेतही कदाचित. अमेरिकेने २००६ मध्ये खायला तयार मांसावरच्या लिस्टेरियासाठी फाजची फवारणी मान्य केली. युरोपच्या औषध संस्थेने २०२३ मध्ये जनावरांसाठीच्या फाज-औषधांकरिता वेगळी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली. कारण जिवाणू बदलला की फाजचे मिश्रण बदलावे लागते, आणि एकदा मंजूर झालेला नुस्खा कायम तसाच राहिला पाहिजे असे मानणाऱ्या औषध-कायद्यात ते बसत नाही. आपला औषध कायदा १९४० चा. त्यातही ही सोय हवी.

धोकेही सांगतो. सगळे फाज जिवाणूला मारत नाहीत. काही त्याच्या जनुकांत मुक्काम ठोकतात आणि त्याला विष बनवण्याची विद्या देतात. माणसांच्या घटसर्पाचे (डिप्थेरियाचे) विष, पटकीचे विष अशाच फाजनी जिवाणूंना दिलेले आहे. म्हणून गटारातून काढलेला फाज त्याचा जनुकक्रम वाचल्याशिवाय जनावराला देणे गुन्हा समजावा. ‘आमच्या गोमूत्रात नैसर्गिक फाज आहेत’ असे सांगून कोणी बाटल्या विकू लागला तर त्याला दारात उभे करू नका. जाता जाता एवढेच की, आटपाडीकडच्या डाळिंबवाल्यांनीही इकडे लक्ष द्यावे. डाळिंबावरचा तेल्याही जिवाणूचाच रोग आहे, त्यावरही प्रतिजैविकांची फवारणी होत आली, आणि पिकांवरचे फाज परदेशात बाजारात आलेले आहेत.

फाजचा एक स्वभाव मला सर्वांत मोलाचा वाटतो आणि त्याच्यामुळेच तो आपल्याला अडचणीचा वाटतो. पेनिसिलिनला विचारावे लागत नाही. फाज विचारतो, कोणता जंतू? ई. कोलायच्याही एका जातीवरचा फाज दुसऱ्या जातीवर बहुतेकदा चालत नाही. म्हणजे फाज वापरायचा तर आधी जंतू ओळखलाच पाहिजे. याच गावात गहू गेरवा संशोधन केंद्र आहे. इथल्या थंड हवेत गेरवा चांगला येतो, म्हणून गव्हाचे कोणते वाण कोणत्या गेरव्याला बळी पडते आणि कोणते टिकते, याची पारख इथे वर्षानुवर्षे चालते. गव्हाच्या पानावरच्या बुरशीची जात विचारायची सवय आपल्याला लागली. म्हशीच्या कासेतल्या जंतूची विचारायची लागलेली नाही. फाज उद्या आला नाही तरी ही सवय आजच पैसे वाचवील, कारण जंतू कळला की प्रतिजैविकही नेमके निवडता येते आणि कधी कधी ते द्यावेच लागत नाही.

तेव्हा मागणे दोनच आहेत. पहिले दूध संघांना. फॅट आणि डिग्री मोजता तसे महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाच्या जनावराचे चारही सड तपासा. जिथे दाह सापडेल तिथले दूध संघाच्या खर्चाने लावून घ्या आणि सापडलेले जिवाणू फेकून न देता शिरवळच्या महाविद्यालयाकडे सोपवा. या खोऱ्यातल्या जिवाणूंचा संग्रह हाताशी असल्याशिवाय या खोऱ्याचा फाज कोणी काढू शकणार नाही. दुसरे इथे बसलेल्या गोठेवाल्यांना आणि वहिनींना, कारण धार बहुतेक घरी त्याच काढतात. पुढच्या वेळी डॉक्टर ट्यूब काढतील तेव्हा त्यांना थांबवा, आधी त्या सडाचे दूध स्वच्छ बाटलीत घ्यायला लावा, आणि तीन दिवसांनी अहवाल मागायला जा.